शाळेतील लैंगिक शिक्षण आणि श्रद्धाळू आईबाप



व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय सुचविला, तेव्हा मी त्यांना म्हटले, ‘एखाद्या डॉक्टरांना बोलवा.’ माझे शिक्षण नववीपर्यंतचे. वडील अंथरुणाला खिळले आणि पंधराव्या वर्षी मी मागावर उभा राहिलो. त्यापुढची माझी शाळा म्हणजे गावातले वाचनालय आणि युनियनची कचेरी. गेली तीस वर्षे इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत काम करतो आहे. मजुरीचा दर, बोनस, हजेरी, दवाखाना हे माझे विषय. तरी अखेर होकार दिला, त्याला कारण माझी एक सही आहे. ती मी २००७ साली केली. ती का केली आणि तिचे पुढे काय झाले, हे आधी सांगतो, म्हणजे मी कोणत्या अधिकाराने बोलतो, किंवा बोलत नाही, ते आपल्या ध्यानात येईल.

त्या वर्षी वस्तीत बोलवा उठली की, आता शाळेत पोरांना घाण चित्रे दाखविणार. आमचे काही सभासद एक निवेदन घेऊन कचेरीत आले. त्यांत गळ्यात तुळशीची माळ असलेला एक मागवाला होता, पाच वेळा नमाज पढणारा जॉबर होता, आणि कांड्या भरणाऱ्या दोघी लिंगायत बाया होत्या. ‘अण्णा, युनियनचीबी सही पायजे,’ असे त्यांचे म्हणणे. माळकरी आणि नमाजी एका कागदावर सही करीत आहेत, असा योग आमच्या गावात रोज येत नाही. मला त्या एकीचाच आनंद झाला. निवेदन ज्या पुस्तकाविरुद्ध होते, ते पुस्तक मी पाहिले नव्हते. त्यांनीही पाहिले नव्हते. मी सही केली.

सहा वर्षांनी तोच माळकरी कचेरीत आला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. त्याच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीशी, घरातच उतरलेल्या एका नातलगाने कित्येक महिने वाईट वर्तन केले होते. पोर ‘पोटात दुखतंय’ एवढेच म्हणे. डॉक्टर झाले, अंगारा झाला. आपल्याशी होते आहे ते वाईट आहे, ते सांगायचे असते, आणि सांगितले तर आपल्यालाच मार बसणार नाही, या तीन गोष्टी तिला कोणी सांगितल्या नव्हत्या. तिच्या शरीराच्या त्या भागांना तिच्याजवळ नावच नव्हते. शिवी तेवढी ठाऊक होती, आणि शिवी तोंडातून काढायची नाही हे संस्कार पक्के होते. पुढे पोलीस, कोर्ट सारे झाले. त्या मुलीचा मान राखण्यासाठी अधिक सांगत नाही. तो माणूस मला एवढेच म्हणाला, ‘अण्णा, त्या कागदावर तुमीबी सही केली, मीबी केली. वाचलं कुणी?’

त्या दिवसापासून मी वाचू लागलो. जे समजले ते मांडतो.

२००७ साली काय घडले?

केंद्र सरकारचे शिक्षण खाते आणि एड्स नियंत्रण संघटना यांनी मिळून किशोरवयीन शिक्षणाचा एक कार्यक्रम आखला होता. एड्सचा धाक त्या काळी मोठा होता आणि तो कार्यक्रम मुख्यतः त्या धाकातून जन्मला. त्यातील शिक्षकांसाठीच्या पुस्तिका व चित्रफलक पाहून गहजब झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरून आक्षेप आले आणि आपल्या राज्याने त्या वर्षी हे शिक्षण थांबविले. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा आणखी काही राज्यांनीही तेच केले. पुढे राज्यसभेच्या याचिका समितीने, श्री. व्यंकय्या नायडू अध्यक्ष असताना, २००९ साली अहवाल दिला. त्याचा आशय असा की, शाळांत लैंगिक शिक्षण नसावे, विवाहाबाहेर संबंध नको हा संदेश मुलांना द्यावा, आणि संतांची व थोर पुरुषांची चरित्रे शिकवावीत.

संतचरित्रे शिकवू नयेत असे कोण म्हणेल? परंतु त्याच २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली होती. तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांना विचारण्यात आले. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे शंभरांत ५३ मुलांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक उपद्रव सोसल्याचे सांगितले. उपद्रव देणारांपैकी निम्मे त्या मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणाजवळही बोलून दाखविली नव्हती. एकाच वर्षी एका हाताने ही पाहणी छापली गेली आणि दुसऱ्या हाताने तो धडा बंद झाला.

आईबापांची भीती खोटी नाही

या विषयावर बोलणारी सुशिक्षित मंडळी एक चूक करतात. श्रद्धाळू आईबापांचा विरोध म्हणजे निव्वळ अज्ञान, असे ती धरून चालतात. संपाच्या काळात मालकही आम्हां कामगारांविषयी असेच बोलत, म्हणून ही भाषा मला लगेच ओळखू येते. ज्याला अडाणी ठरविले त्याच्याशी वाटाघाट करावी लागत नाही, ही तिची सोय. मी मात्र वस्तीतल्या ओट्यांवर बसून या आईबापांचे म्हणणे ऐकले आहे. त्यांच्या मनात चार भये असतात.

पहिले भय असे की, बोलल्याने इच्छा जागी होते. झोपलेल्याला कशाला उठवा? दुसरे भय शिक्षकाचे. कोण शिकविणार, त्याचे वागणे कसे, तो हसत हसत तर सांगणार नाही ना? तिसरे भय मर्यादेचे. मुले-मुली एकत्र बसवून, भावाबहिणींच्या देखत, असे विषय काढले तर डोळ्यातली लाज मरेल. चौथे भय सर्वांत खोल आहे आणि ते क्वचितच बोलून दाखविले जाते. शाळा आमच्या मुलाला असे काही शिकवील, की त्याला आमचा धर्म, आमची रीत मागासलेली वाटू लागेल. मूल हातचे जाईल. गरिबाजवळ मुलाशिवाय दुसरी ठेव नसते, म्हणून या चौथ्या भयाला हसू नये.

पहिल्या भयाला मात्र स्पष्ट उत्तर आहे. युनेस्कोने या शिक्षणाविषयीची आपली मार्गदर्शिका २०१८ साली सुधारून काढली. त्यासाठी देशोदेशींच्या अभ्यासांचा आढावा घेण्यात आला. निष्कर्ष असा की, नीट दिलेल्या शिक्षणाने मुलांचे संबंध लवकर सुरू होत नाहीत, धोक्याचे वर्तनही वाढत नाही. आणि झोपलेल्याला उठवू नये ही उपमा आता जुनी झाली. ज्या घरात एकच खोली आहे, त्या घरातही आता मोबाईल आहे. आईबाप पाळीवर गेले की तो मुलांच्या हातात असतो. त्यावर दिसणाऱ्या चित्रांत ना मर्यादा, ना प्रेम, ना जबाबदारी. धडा बंद ठेवून आपण मुलांना अज्ञानी ठेवीत नाही, त्यांना वाईट मास्तराच्या स्वाधीन करतो.

उरलेली तीन भये म्हणजे कोण, कसे आणि कोणाच्या संमतीने, हे तीन प्रश्न आहेत. ते नकार नव्हेत, त्या अटी आहेत. आणि अटी आल्या म्हणजे बोलणी सुरू झाली असे समजावे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे.

धर्म गप्प राहा म्हणतो काय?

‘आमच्या धर्मात हे बसत नाही,’ असे वाक्य नेहमी ऐकू येते. मी पंडित नव्हे, मौलवी नव्हे. पण जे कोणालाही पडताळून पाहता येईल ते सांगतो.

हिंदूंच्या सोळा संस्कारांत गर्भाधान हा पहिला धरला जातो. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चार पुरुषार्थांत काम आहे. सुश्रुताच्या ग्रंथातील शारीरस्थानात गर्भ कसा राहतो, कसा वाढतो याची चर्चा आहे. आपल्याकडे मुलगी वयात आली की तिला न्हाण आले म्हणत, आणि कित्येक घरांत तिला मखरात बसवून गाणी म्हणत. त्या चालीचे मी समर्थन करीत नाही, कारण ती बहुधा कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलीची होती. एवढेच दाखवितो की, आजची आपली चुप्पी फार प्राचीन नाही. आजीने ज्याची गाणी म्हटली, त्याविषयी नातीला आज जीवशास्त्राचे पान उलटून पुढे जायला सांगतात.

मुसलमान समाजात शुद्धीचे नियम हे धर्मशिक्षणाचेच अंग आहे. मासिक पाळी, स्नान, नमाज केव्हा पढावी व केव्हा नाही, हे वयात येणाऱ्या मुलामुलींना ठाऊक असावे लागते. मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ हे उर्दू पुस्तक अनेक घरांत मुलींना दिले जाते, त्यात हे नियम सविस्तर आहेत. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावर जे पत्रक काढले, त्यात वाढत्या वयाबरोबर मुलांना विवेकपूर्ण लैंगिक शिक्षण मिळावे असे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या कुटुंबविषयक पत्रात त्याचा पुन्हा पुरस्कार केला. मात्र आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक, हा आग्रह चर्चने सोडलेला नाही.

यातून काय दिसते? कोणत्याही परंपरेने या विषयावर मौन सांगितलेले नाही. बोलण्याचे नियम सांगितले आहेत: कोणी, कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या शब्दांत. अडचण अशी झाली की, एकत्र कुटुंबे मोडली, आत्या-मावश्या गावाकडे राहिल्या, आईबाप बारा बारा तास कामावर, आणि ज्यांनी बोलायचे ती माणसेच घरातून गेली. नियम राहिले, बोलणारे राहिले नाहीत.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. ‘लग्नाआधी काही नको’ एवढा एकच संदेश पुरे, असे म्हणणारांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी पाहावी. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात शंभरांत सुमारे बावीस जणींचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाले होते. म्हणजे शाळेच्या बाकावरून उठून मुलगी सासरी जाते. तिच्यासाठी ‘लग्नानंतर कळेल’ याचा अर्थ काय? काहीही न कळता तिने आई व्हावे, असाच ना?

एकट्याची लढाई आणि सर्वांची बोलणी

या विषयाचा इतिहास महाराष्ट्रात सांगायचा तर र. धों. कर्व्यांना नमस्कार करूनच सांगावा लागतो. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मरण येईपर्यंत चालविले. संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि दंड झाला. त्या दोघांची बाजू बरोबर होती, हे आज उघड आहे. पण कर्वे बुद्धिवादी, त्यांची झुंज एकट्याची. माळकरी मागवाला आणि नमाजी जॉबर यांना बरोबर घेण्याचे काम त्यांच्यानंतरच्या आम्हां लोकांचे होते. ते आम्ही केले नाही. आम्ही कर्व्यांचे फोटो लावले आणि निवेदनांवर न वाचता सह्या केल्या.

ही चूक परदेशातही झालेली आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी २०१९ साली एका प्राथमिक शाळेच्या दाराशी पालकांनी, त्यांत बहुसंख्य मुसलमान, कित्येक आठवडे निदर्शने केली. तेथील वाद कुटुंबांचे निरनिराळे प्रकार मुलांना शिकविण्यावरून होता. आपल्याला विचारले नाही, ही पालकांची मोठी तक्रार होती. सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडात हे शिक्षण सक्तीचे झाले, पण त्याबरोबर शाळेने आपले धोरण ठरविताना पालकांशी विचारविनिमय केला पाहिजे असा दंडकही आला. निव्वळ लैंगिक भागातून मूल काढून घेण्याची विनंती पालक करू शकतात. मात्र सोळावे वर्ष जवळ आले, की त्या तासाला बसायचे का, हे मूल स्वतः ठरवू शकते. एकमत तिथेही झालेले नाही, तथापि कोणाचा हक्क कोठे संपतो याची रेघ कागदावर आली.

आमच्या वस्तीत काय केले?

त्या माळकऱ्याने स्वतःच पुढाकार घेतला, म्हणून आम्हांला धीर आला. आम्ही मागणी केली नाही, मोर्चा काढला नाही. एका निवृत्त परिचारिकाबाईंना विनंती केली आणि मुलांना जे सांगायचे ते सारे आधी पालकांसमोर वाचून दाखविले. आयांची बैठक दुपारी, बापांची रात्रपाळी सुटल्यावर. कागदाचे प्रत्येक पान वाचायचे आणि ज्याला खटकले त्याने हात वर करायचा, एवढाच नियम.

पहिल्या पानावर लहान मुलांसाठीच्या गोष्टी होत्या. शरीराच्या सर्व भागांची शुद्ध नावे, अंघोळ व स्वच्छता, कोणाचा स्पर्श नको वाटला तर ‘नको’ म्हणणे, तेथून निघून येणे आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगणे. १०९८ हा बालकांसाठीचा फोन. यावर एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या पानावर वयात येण्याच्या गोष्टी होत्या: पाळी, आवाज फुटणे, रात्रीचे स्खलन. येथे हात वर झाले. मुलगे व मुली वेगळे बसवावेत, मुलींना बाईंनीच सांगावे, असे ठरले. परिचारिकाबाईंनी एक सुधारणा मात्र मान्य करून घेतली. मुलींची पाळी म्हणजे काय, हे मुलग्यांनाही सांगायचे, म्हणजे ते वर्गात डाग पाहून हसणार नाहीत. जॉबर म्हणाला, ‘अण्णा, ये तो हमारे यहाँ भी बताते हैं.’ तो आपण होऊन त्याच्या मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना घेऊन आला. त्यांनी दोन शब्द बदलून दिले, आणि बदललेले शब्द खरोखरच अधिक चांगले होते.

तिसऱ्या पानावर नववी-दहावीसाठी गर्भधारणा, संततिनियमनाची साधने आणि गुप्तरोग होते. तेथे बोलणी अडली. दोन बैठका झाल्या. अखेर असे ठरले की, हा भाग कोणत्या दिवशी होणार ते आठ दिवस आधी घरी कळवावे, आणि ज्यांना नको असेल त्यांनी मुलाला त्या तासापुरते पाठवू नये. सात घरांनी पाठविले नाही. मला ते आवडले नाही, अजूनही आवडत नाही. पण त्या सातही घरांची मुले पहिल्या दोन पानांना हजर होती. २००७ सालच्या रीतीने गेलो असतो तर एकही आले नसते.

जेथे तडजोड नाही

वाटाघाटीत सारेच सोडता येत नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर कामगाराने आपखुशीने सही केली तरी ती कायद्यात टिकत नाही. कारण भुकेपोटी माणूस काहीही लिहून देईल, हे कायदा जाणतो. मुलांच्या शिक्षणातही असे एक किमान आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्या शरीराची नावे, नको म्हणण्याचा हक्क, सांगण्याची जागा आणि पाळी येण्याआधी पाळीचे ज्ञान, हे ते किमान. यातून मूल काढून घेण्याचा हक्क आईबापांना नाही, मौलवींना नाही, बुवांना नाही आणि युनियनलाही नाही. धोका घराबाहेरच असतो असे असते, तर हा हक्क घरावर सोपविता आला असता. पाहणी सांगते की निम्मा धोका ओळखीच्या माणसाकडून आहे.

कायदाही या दिशेने आलेला आहे. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा २०१२ साली झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला तो लागू आहे, आणि असा गुन्हा कळल्यावर तो न कळविणे हाही त्यात गुन्हा ठरतो. शाळांतील आरोग्य व स्वास्थ्याचा केंद्रीय कार्यक्रम २०२० साली सुरू झाला आणि त्यात वाढ, प्रजननाचे आरोग्य हे विषय आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील एका निकालात सर्वांगीण लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. त्याच्या महिनाभर आधी बदलापुरात शाळेतील चार वर्षांच्या दोन मुलींच्या प्रकरणावरून लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले होते. त्या संतापात श्रद्धाळू माणसे थोडी होती काय? मुलांच्या रक्षणासाठी रुळावर बसणारा बाप आणि शाळेतल्या धड्याला भिणारा बाप हा पुष्कळदा एकच माणूस असतो. त्याला या दोन गोष्टींचा संबंध कोणीतरी त्याच्या भाषेत दाखवून द्यायला हवा. कायदे कागदावर आहेत, निकालही आहेत. परंतु शिक्षक घाबरतो आणि पान उलटतो, कारण पालक येऊन भांडतील असे त्याला वाटते. पालक त्याच्या पाठीशी उभे राहिले तरच ते पान वाचले जाईल.

म्हणून सुधारक मंडळींना माझी विनंती आहे की, श्रद्धाळू माणसाला हसू नका, त्याच्यापुढे पूर्ण कागद ठेवा. श्रद्धाळू आईबापांनाही विनंती आहे की, नाही म्हणण्यापूर्वी पान वाचा. वाचून नाही म्हणालात तर बसून बोलू. लाज राखा, ती चांगली वस्तू आहे. पण लाज मुलाच्या अंगावर पांघरूण म्हणून असावी, त्याच्या तोंडात बोळा म्हणून नव्हे.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षी आमच्या वस्तीत लहान मुलांचा तास तिनेच घेतला. माळकरी मागच्या बाजूला उभा होता. मीही होतो. पहिले पान तिने वाचले, आणि शरीराच्या प्रत्येक भागाचे नाव अगदी साध्या आवाजात, नाक-कान म्हणावे तसे, मुलांकडून म्हणवून घेतले.